दिवाणखाना बघ, पण आधी छपराचं विचार

मुलं झोपली, ओटा आवरून झाला, की तू फोन घेऊन राइटमूव्हवर घरं बघत बसतेस, हे मला ठाऊक आहे. आधी हॅरो नाहीतर स्लावमधली शहाणीसुरती तीन बेडरूमची घरं बघतेस, आणि मग बोट हळूच त्या दुसऱ्या घरांकडे वळतं. लांबच लांब हिरवळ, जुनी झाडं, मधोमध दगडी महाल, आणि खाली लिहिलेलं: पहिल्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, मूळ दिवाणखान्यासह. किंमत बघावी तर लंडनमधल्या साध्या फ्लॅटएवढी. मग कुठली झोप?

नवऱ्याला सांगितलंस तर तो हसतो. आईला सांगितलंस तर ती म्हणते, "त्या रानात कशाला जातेस राहायला?" मी हसणार नाही आणि अडवणारही नाही. खरं सांगू का, हे स्वप्न वेडेपणाचं नाहीच. तुझ्यामाझ्यासारखी नोकरी-घर सांभाळणारी माणसं अशा घरांत राहतात आणि सुखानं राहतात. फक्त एक गोष्ट पक्की समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप जागेवर बसेल. पैसे तू त्या दिवाणखान्याचे देतेस, पण पदरात पडतो तो अख्ख्या घराच्या छपरातला वाटा. ते छप्पर सांभाळणाऱ्यांपैकी एक व्हायची तुझी तयारी आहे का, एवढंच ठरवायचं आहे.

बघ, ही घरं मुळात एकेका कुटुंबाची. भोवतालची जमीन कुळांना दिलेली, तिच्या खंडावर घर चालायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेतमालाचे भाव कोसळले, 1894 मध्ये वारसा कर कडक झाला, आणि मग दोन महायुद्धं. दुसऱ्या युद्धात लष्करानं, शाळांनी, इस्पितळांनी ही घरं ताब्यात घेतली, ती परत मिळाली तेव्हा पार खिळखिळी झालेली. छपराला पैसे नाहीत म्हणून मालक घरं पाडून मोकळे व्हायला लागले. 1955 च्या सुमारास दर पाच दिवसांना एक मोठं घर जमीनदोस्त होत होतं, असं सांगतात. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं या गेलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं. तिथे पाडलेल्या घरांची नावं एकामागून एक वाचून दाखवली जायची. लोक हादरले, आणि पुढच्याच वर्षी सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज ही संस्था उभी राहिली. त्याच दशकात किट मार्टिन या माणसानं पडायला आलेली घरं घेऊन त्यांची राहती घरं करायला सुरुवात केली. नॉर्थॅम्प्टनशरमधलं डिंगली हॉल, मग नॉरफोकमधलं गंटन हॉल. मोठ्या खोल्या मधून चिरायच्या नाहीत, घराचे उभे भाग करायचे आणि जमेल तिथे प्रत्येकाला आपापलं दार द्यायचं, ही त्याची रीत.

तुला पुण्याच्या पेठांमधले वाडे आठवतात ना? मालकानं बिऱ्हाडं ठेवली, भाडी कायद्यानं जिथल्या तिथे थिजली, छपराला हात लावायला ना मालक तयार ना भाडेकरू, आणि वाडे एकेक करून बसले. इथे वेगळं झालं ते एवढ्यासाठी की छपराचा खर्च प्रत्येकाच्या कागदात लिहिला गेला. म्हणून पुढे सर्व्हिस चार्जचा, म्हणजे या खर्चातल्या तुझ्या वाट्याचा, आकडा बघून तुझ्या पोटात गोळा येईल, तेव्हा हे आठव. त्याच पैशावर ते घर उभं आहे.

आणि ते "आपल्यासारखीनं तिथे राहायचं म्हणजे..." असं अर्धवट वाक्य तू माझ्यापाशी पुन्हा बोलू नकोस. रेडिंगजवळचं स्वॅलोफील्ड पार्क घे. आज तिथेही फ्लॅट आहेत. अठराव्या शतकात ते मद्रासचा माजी गव्हर्नर थॉमस पिट यानं विकत घेतलं. गोवळकोंड्याकडच्या खाणीतला एक मोठा हिरा त्यानं 1717 मध्ये फ्रान्सच्या राजघराण्याला विकला होता, तो पैसा हाताशी होता. पुढे 1820 मध्ये ते रसेल घराण्याकडे गेलं. बाप बंगालचा सरन्यायाधीश, मुलगा हैदराबादच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट. अशा कितीतरी घरांच्या भिंतींत हिंदुस्थानचा पैसा आहे गं. तिथल्या जिन्यावरून चढताना तुला संकोच वाटायचं काही कारण नाही. ताठ मानेनं चढ.

आता कामाचं बोलू. पहिलं म्हणजे छप्पर. खालून बघशील तर ते दिसणारच नाही. पुढे दगडी कठडा असतो, त्याच्या मागे छपराचे उतार आणि दोन उतारांच्या मध्ये शिशाच्या पत्र्याच्या पन्हळी. नोव्हेंबरात झाडांची पानं तिथे साठतात. एक पन्हळ तुंबते, पाणी शिशाच्या काठावरून मागे शिरतं आणि भिंतीत उतरतं. खालच्या फ्लॅटमध्ये कित्येक महिने काही कळत नाही. मग कुणाच्या तरी कपाटामागे आळंबीसारखा वास यायला लागतो, कोपऱ्यात गंजाच्या रंगाची बारीक धूळ बसते. ती ड्राय रॉट नावाची लाकूड पोखरणारी बुरशी, आणि ती गिलाव्याच्या मागून विटांवरूनही पसरते. पानं काढायला माणूस लावायचा खर्च किरकोळ असतो, तुळया बदलायचा नसतो. म्हणून घर दाखवायला आलेल्या एजंटला पहिला प्रश्न हाच विचार: पन्हळी वर्षातून कितीदा साफ होतात, आणि छप्पर शेवटचं कधी केलं? त्याला माहीत नसेल तर घराचं व्यवस्थापन बघणाऱ्यांकडून लेखी उत्तर माग.

दुसरं, सर्व्हिस चार्ज. अशा घरांत तो वर्षाला काही हजार पौंड असतो, आणि त्यात छप्पर, जिने, बाग, खासगी रस्ता, विमा सगळं येतं. तू स्वस्त आकडा बघून हुरळशील, म्हणून बजावून ठेवते: मोठ्या जुन्या घराचा सर्व्हिस चार्ज फारच कमी असेल तर छपराकडे कुणी बघत नाहीये असं धर, खरी गोष्ट वेगळी असल्याचा पुरावा मिळेपर्यंत. सॉलिसिटरला सांगून मागच्या तीन वर्षांचे हिशेब, राखीव निधीत किती शिल्लक आहे तो आकडा, पुढच्या दुरुस्त्यांचा आराखडा आणि रहिवाशांच्या सभांची इतिवृत्तं मागव. इतिवृत्तं स्वतः वाच. कुठली गच्ची गळतेय, कोण पैसे थकवतंय, कोण कुणाशी भांडतंय, सगळं त्यात असतं.

कलम 20 ची नोटीस आलेली आहे का, हेही विचार. एखाद्या मोठ्या दुरुस्तीसाठी कुठल्याही एका लीझधारकाला 250 पौंडांपेक्षा जास्त भरावे लागणार असतील, तर आधी सगळ्यांना नोटीस देऊन, मत मांडायला 30 दिवस देऊन, मग अंदाजपत्रकं दाखवावी लागतात. अशी नोटीस विकणाऱ्याच्या हातात पडली असेल आणि तू गप्प राहिलीस, तर ते बिल तुझ्या दारात येईल. घाबरायचं नाही, त्या बिलाचा वाटा कोण उचलणार हे किंमत ठरतानाच बोलून घ्यायचं.

तिसरं, लीझ. आपल्याकडे सोसायटीत आपण सभासद असतो, तसं इथे आपोआप होत नाही. इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीझहोल्ड असतात, म्हणजे ठरावीक वर्षांचा हक्क तुझा आणि जमीन-इमारत फ्रीहोल्डरची. त्यातला फ्रीहोल्डर म्हणजे रहिवाशांचीच कंपनी असेल आणि तुला तिचा शेअर मिळणार असेल, तर फार उत्तम. मग छपराचा निर्णय तुम्हीच घेता. पण तसं असेल तर सभेला जावं लागेल बरं का, आणि कधीतरी संचालक व्हायचीही पाळी येईल. तू ऑफिसात एवढी बजेटं सांभाळतेस, तुला ते जड जाणार नाही.

लीझची किती वर्षं उरलीत ते बघ. 80 च्या खाली गेली की वाढवून घ्यायचा खर्च एकदम उडी मारतो आणि बँकाही नाक मुरडायला लागतात. 2024 च्या सुधारणा कायद्यात हा जास्तीचा भार काढायची आणि लीझ 990 वर्षांनी वाढवून द्यायची तरतूद आहे, पण त्या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, त्यामुळे तू घेशील त्या दिवशी काय चालू आहे ते सॉलिसिटरकडून लिहून घे. ग्राउंड रेंटचंही, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायच्या जमिनीच्या भाड्याचंही, तसंच. 30 जून 2022 पासूनच्या बहुतेक नव्या लीझना तो पैशाच्या रूपात लावताच येत नाही, पण जुन्या लीझमध्ये तो ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाणारा असू शकतो. आणि हे सगळं वाचून डोकं गरगरलं तर लीझहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिस म्हणून सरकारी मदतीवर चालणारी संस्था आहे, ती फुकट सल्ला देते. तिचा फायदा घे.

चौथं, लिस्टिंग. अशी घरं बहुतेक वेळा संरक्षित यादीत असतात: ग्रेड एक, ग्रेड दोन तारांकित किंवा ग्रेड दोन. हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत घराचं नाव टाकून तू स्वतः पाहू शकतेस. संरक्षण फक्त दर्शनी भागाला असतं असं समजू नकोस, आतले दरवाजे, जिने, छताची नक्षी, सगळं त्यात येतं. परवानगी न घेता बदल केला तर तो गुन्हा आहे. आणि आधीच्या मालकानं बिनपरवानगी केलेलं काम पूर्ववत करायचा आदेश नव्या मालकावरही निघू शकतो, त्याला मुदत नसते. तेव्हा ते गुळगुळीत नवं स्वयंपाकघर किंवा पाडलेली भिंत दिसली, की खूश होण्याआधी परवानगीचा कागद माग.

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर ऐक. फोडणीचा धूर बाहेर काढायला चिमणीचं भोक बाहेरच्या भिंतीत पाडायचं म्हटलंस, तर त्यालाही परवानगी लागणार, आणि दगडी दर्शनी भिंतीत ती मिळेलच असं नाही. हवा आतल्या आत गाळणारी चिमणी चालते, पण मिरचीचा ठसका ती पुरता ओढत नाही. म्हणून फ्लॅट बघायला जाशील तेव्हा स्वयंपाकघराला उघडणारी खिडकी आहे का ते बघ, आणि ती स्वतःच्या हातानं उघडून बघ. गावापासून लांबच्या घरांत गॅसची लाइन बहुधा नसते, तेव्हा फुलके कशावर फुगवायचे तेही आधीच ठरव. लीझमध्ये बागेत कपडे वाळत घालायला मनाई, फरशीवर गालिचा असलाच पाहिजे, कुत्रा नको, भाड्यानं द्यायचं नाही, अशाही अटी असतात. त्या रोजच्या जगण्याला भिडतात, म्हणून लीझ सॉलिसिटरनं वाचलं तरी तूही वाच.

आता बघायला जायचं कसं ते. एजंट तुला मे महिन्यातल्या शनिवारी बोलावेल, तेव्हा जा, डोळे भरून बघ. विल्टशरमधल्या न्यू वॉर्डर कॅसलसारख्या घरात जेम्स पेननं बांधलेला घुमटाखालचा गोल जिना पाहिला की कुणाचंही मन विरघळेल. तिथे आधी मुलींची शाळा होती, आता फ्लॅट आहेत. पण मग पुन्हा एकदा भर पावसात जा. छत्री घेऊन घराला पूर्ण फेरी मार. पाण्याच्या उभ्या नळांच्या मागे भिंतीवर हिरवा ओघळ दिसतोय का, कुठून पाणी सांडतंय का, ते बघ. आत गेलीस की खिडकीजवळ उभी राहा. जुन्या सॅश खिडकीच्या दोन चौकटी जिथे मिळतात, तिथे हाताचा तळवा धर. वारा असेल त्या दिवशी तुला थंडीचं माप तिथेच कळेल. मग खिडकीच्या बाजूच्या लाकडी पट्ट्या हलक्या हातानं ओढून बघ. बऱ्याचदा आत घडी घातलेली जुनी झडपं असतात आणि त्यांच्यावर इतके रंगाचे थर चढलेले असतात की ती उघडतच नाहीत. ती चालती झाली तर हिवाळ्यात मोठा आधार. दुहेरी काचांच्या नव्या खिडक्यांना परवानगी मिळणं अवघड असतं, पण आतून दुसरी काच बसवायला बहुतेक ठिकाणी मिळते.

वर बघ. छताची नक्षी एखाद्या भिंतीपाशी मध्येच तुटली असेल, तर तिथे मोठी खोली चिरलेली आहे. अशा पडदीतून शेजारचा टीव्ही ऐकू येतो का, ते शांत उभी राहून ऐक. आणि हो, मुख्य महालातलाच फ्लॅट हवा असा हट्ट धरू नकोस. तबेले, बग्गीखाना, नोकरांची बाजू, भाजीच्या बागेची भिंत धरून बांधलेली घरं, इथे छतं खाली असतात, ऊब टिकते, स्वतःचं दार असतं, आणि हिरवळ तर तीच.

थंडीचं स्पष्ट बोलते. चौदा फुटी छताची खोली तेलावर किंवा विजेवर गरम करायची म्हणजे बिल मोठं. मागच्या दोन हिवाळ्यांची बिलं विकणाऱ्याकडून माग, न लाजता. सांडपाण्याची टाकी स्वतःची आहे का, तिचा मैला थेट ओढ्यात जात नाही ना, हे विचार. सेप्टिक टाकीतलं पाणी असं सोडायला 2020 पासून बंदी आहे आणि सुधारणेचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. इंटरनेटचा वेग तिथेच उभी राहून मोज. स्टेशनला जायचा रस्ता डिसेंबरात, संध्याकाळी साडेचारच्या अंधारात गाडी चालवून बघ. आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी येतील तेव्हाचा विचार कर. लिफ्ट नसेल, बस नसेल, तू ऑफिसला गेल्यावर आई दिवसभर कुणाशी बोलेल? याचं उत्तर "शेजारी चांगले आहेत, गावात दुकान चालत पोचण्यासारखं आहे" असं मिळालं तर ते घर खरोखर तुझं आहे.

आता पैशाचा तो भाग, जो आपल्या मुलींना कुणी वेळेवर सांगत नाही. पुण्यात नाहीतर ठाण्यात एखादा फ्लॅट तुझ्या नावावर आहे का? बाबांनी हौसेनं नाव घातलेलं असतं बघ. इंग्लंडमध्ये स्टॅम्प ड्यूटी ठरवताना जगात कुठेही असलेलं घर मोजतात. एप्रिल 2025 पासूनच्या दरांनी साडेतीन लाख पौंडांच्या फ्लॅटवर पहिलं घर घेणारीला 2,500 पौंड लागतात. आधी कुठेही घर मालकीचं असेल तर ही सवलत जाते आणि 7,500 होतात. आणि ते घर, किंवा त्यातला तुझा वाटा, आजही तुझ्याकडे असेल आणि 40,000 पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, तर जास्तीचे 5 टक्के लागून आकडा 25,000 वर जातो. नवऱ्याच्या नावावरचं घरही धरलं जातं. तू इथलं राहतं घर विकून त्याच्या जागी हे घेत असलीस तर गणित वेगळं होतं. तेव्हा सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत हे सांग, लपवू नकोस. तिकडून बाबा पैसे पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, आणि इथली बँक ते पैसे कुठून आले त्याचे कागद मागणार. ते कागद आत्तापासून गोळा कर.

एवढं सगळं ऐकून तू म्हणशील, ताई, तू तर मला घाबरवलंस. नाही गं. एकेक कागद, एकेक प्रश्न, एवढंच आहे ते. तू परक्या देशात येऊन व्हिसा, शाळा, डॉक्टर, नोकरी सगळं लावलंस, त्यापुढे हे काहीच नाही. आणि एक मोठा दिलासा ऐक: इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत तू मोकळी असतेस. सर्व्हेअरचे आणि वकिलाचे पैसे जातील, पण घर गळ्यात पडणार नाही. सर्व्हे मात्र तिसऱ्या पातळीचा, सगळ्यात सविस्तर तोच कर, आणि जुन्या चुन्याच्या बांधकामाची जाण असलेला सर्व्हेअर शोध. बँकेनं केलेलं मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे. शक्य असेल तर आधी त्याच घरात एखादा फ्लॅट वर्षभर भाड्यानं घेऊन राहा. तेही जमत नसेल तर लँडमार्क ट्रस्ट जुन्या इमारती सुट्टीसाठी भाड्यानं देतो, फेब्रुवारीत तिथे चार रात्री काढ आणि मुलांना घेऊन जा.

आणि सगळे कागद तपासून, पावसात फिरून, बिलं वाचूनही मन तिथेच राहिलं, तर मग मागे हटू नकोस. घे. सभेला जा, पन्हळींबद्दल हटकून विचार, शेजाऱ्यांना दिवाळीचा फराळ दे. एकेकाळी त्या घराला सांभाळायला माणसं उरली नव्हती. आता त्याला तू मिळालीस तर ते त्याचंही भाग्य.

तर आता फोन ठेव आणि झोप. उद्या डबे भरून झाले की एजंटला मेल टाक: तीन वर्षांचे हिशेब, राखीव निधी, लीझची उरलेली वर्षं, कलम 20 ची नोटीस, छपराची तारीख. पाचच गोष्टी. उत्तरं आली की मला वाचून दाखव, आपण दोघी मिळून एकेक ओळ बघू.